बारावा आठवडा आखाडात

आमच्या वैद्यकीय अभ्यासाचं खरं नाव दवाखान्याबाहेर कुणी उच्चारत नसे. पुण्याच्या मुख्य केंद्राकडून आलेल्या कागदांवर ते दोन ओळींचं होतं आणि त्यात स्त्रियांच्या लैंगिक वेदनेबद्दलचे जडजड शब्द होते. ते जालन्यातल्या पाटीवर रंगवले असते तर एकही बाई पायरी चढली नसती, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर रिकामटेकड्या पुरुषांनी मात्र ठाण मांडलं असतं. म्हणून पाटीवर लिहिलं, ‘कंबरेच्या व्यायामाचा वर्ग, फक्त महिलांसाठी’. कंबरदुखी हे आमच्याकडचं सर्वांत सभ्य दुखणं आहे. तिच्या नावाखाली बाई घराबाहेर पडू शकते, एकटी बसने जालन्याला येऊ शकते, आणि कुणी फार चौकशी करत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. गुडघे, मणके आणि धरलेले खांदे यांच्या संगतीत माझी कामाची वर्षं गेली. एक दिवस ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्याला या अभ्यासात जागा मिळाली होती आणि व्यायाम शिकवायला कुणीतरी हवं होतं. “लाजणार नसशील तर ये,” त्या म्हणाल्या. मला लाजेपेक्षा राग लवकर येतो. त्यामुळे मी गेले.

आजार नावाला अवघड आणि समजायला सोपा होता. संबंधाच्या वेळी काही बायकांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप घट्ट आवळले जातात. डोळ्यासमोर बोट आणलं की पापणी मिटते, तसं. बाई ते मुद्दाम करत नाही आणि मनावर घेतलं म्हणून ते थांबतही नाही. जोर केला तर आणखी आवळतं, आणि एकदा तशी वेदना झाली की पुढच्या वेळी नुसत्या आठवणीनेच अंग बंद होतं. कित्येक जोडप्यांची वर्षं यात जातात, आणि बाहेर दिसतं ते एवढंच, की मूल होत नाही. मग तिला देवाला नेतात, वैद्याकडे नेतात, सोनोग्राफीला नेतात. ती मुकाट्याने सगळीकडे जाते.

उपायात जादू काही नव्हती. श्वास, स्नायू सैल सोडायचा सराव, आणि चढत्या जाडीच्या गुळगुळीत नळ्यांचा एक संच. सर्वांत लहान नळी करंगळीएवढी. ती बाईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कलाने वापरायची. अंगाला सवय झाली की पुढची घ्यायची. अभ्यासातल्या अर्ध्या बायकांना हे शिकवायचं, अर्ध्यांना नेहमीचं मलम आणि सल्ला द्यायचा. बाराव्या आठवड्यात सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे आणि फरक बघायचा. कोण कुठल्या गटात जाणार हे पुण्यातला संगणक ठरवी. मलमवाल्यांनाही अभ्यास संपल्यावर नळ्या मिळणार होत्या. तसं नसतं तर मी या भानगडीत पडलेच नसते.

प्रश्न विचारायला पुण्याहून एक मुलगी येई. मुलगी गुणी होती, पण तिच्या हातातल्या प्रश्नांची मराठी कुणी बोललेली नव्हती. “गेल्या चार आठवड्यांत आपल्याला लैंगिक इच्छा कितपत जाणवली?” असं ती वाचे, आणि समोरची बाई पदर सावरत माझ्याकडे बघे. सुरुवातीच्या तालमीत मी शेजारी बसून ते साध्या बोलीत सांगायची, “मन होतं का गं कधी?” भोकरदनकडच्या एका मावशींनी मलाच विचारलं, “कोणाचं मन? माझं का त्याचं?”

“तुमचं, मावशी.”

मावशींनी पदर खांद्यावर नीट घेतला. मग म्हणाल्या, “हे आजवर कुणी इचारलंच न्हाई. जरा सोचू द्या.” मुलगी पेन उघडून बसली होती, ती तशीच बसून राहिली. पुढे खरा अभ्यास सुरू झाल्यावर मला त्या खोलीतून बाहेर काढलं. शिकवणारीने प्रश्नांच्या वेळी हजर राहायचं नाही असा नियम होता. नियम योग्यच होता, पण मला मजा यायची ती गेली.

होळीच्या सुमारास एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. अंकुशनगरच्या, साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या. मुलगा कारखान्यातच कामाला. सून तीर्थपुरीची, बी.ए. झालेली, चोवीस-पंचवीस वर्षांची. लग्न दिवाळीनंतरचं, म्हणजे अजून अंगाची हळद नीट उतरलेली नव्हती, आणि सासूबाईंची तक्रार तयार होती. “हिला दिवस राहून न्हाई राह्यले. तपासा अन् जल्दी काय ते सांगा.”

डॉक्टरबाईंनी सासूबाईंचं ब्लडप्रेशर बघायचं निमित्त काढून त्यांना नर्सबरोबर बाहेर पाठवलं. सुनेला टेबलावर घेतलं. तिचे गुडघे एकमेकांना चिकटले ते चिकटलेच, आणि ती डॉक्टरबाईंची माफी मागत राहिली. डॉक्टरबाईंनी लगेच हात मागे घेतला, तिच्या अंगावर चादर घातली आणि मला आत बोलावलं. मी स्टूल ओढून तिच्या डोक्याशी बसले. पापणीचं उदाहरण सांगितलं. हे पुष्कळ बायकांना होतं, ते बरं होतं, आणि यात तिचा काडीचा दोष नाही, हेही सांगितलं.

“मला वाटलं मीच तशी हाय,” ती म्हणाली.

“तशी म्हणजे?”

“बंद.”

मग ती रडली. मला रडणाऱ्या माणसाजवळ नीट बसता येत नाही, मी उठून पंखा मोठा केला.

रक्ताच्या तपासण्या, पुण्याची परवानगी, हे ते होऊन तिचं नाव अभ्यासात लागेपर्यंत वैशाख उजाडला. संगणकाने तिला नळ्यांच्या गटात टाकलं. मला बरं वाटलं, आणि पहिल्याच महिन्यात ते ओसरलं. दर सोमवारी ती यायची, आणि दर सोमवारी ती पहिल्याच नळीवर असायची.

कारण अगदी साधं होतं. सराव करायला जागा नव्हती. वसाहतीतलं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. न्हाणीला कडी नाही, आणि न्हाणीसमोरच सासूबाई भाजी निवडायला बसत. नळ्यांची पिशवी तिने शालूच्या घडीत ठेवली होती, ती काढायचीसुद्धा सोय नव्हती. शिवाय आमच्या उपचाराचा पहिला नियम असा, की सुरुवातीचे काही आठवडे नवरा-बायकोने प्रयत्नच करायचा नाही. अंगाला आधी खात्री पटू द्यायची, की आता कुणी जोर करणार नाही. पण त्या घरात दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने दोघांना आतल्या खोलीत पाठवून बाहेर टीव्हीचा आवाज मोठा करत. सगळ्यांना वाटे आपण फार समजूतदारपणा करतोय.

“नवरा काय म्हणतो?” मी विचारलं.

“काहीच म्हणत न्हाईत. भिताडाकडं तोंड करून झोपतात.”

त्या नवऱ्याला आम्ही जोडप्याच्या समुपदेशनासाठी बोलावलं. निरोप दिला, फोन केला. एकदा तो आलाही, पण फाटकापर्यंतच. मोटारसायकलवर बसल्या बसल्या त्याने पाटी वाचली, ‘फक्त महिलांसाठी’ हे शब्द सापडल्यावर सुटका झाल्यासारखा चेहरा केला आणि निघून गेला. मी खिडकीतून बघत होते. त्या दिवसापासून माझ्या मनातून तो उतरला. भिंतीकडे तोंड करून झोपणारा पुरुष बायकोला शिक्षा करत असतो, असं माझं ठाम मत होतं.

ज्येष्ठाच्या शेवटी ती आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. मी काय झालं म्हणून विचारलं.

“आखाडाला माहेरी जाऊन राह्यले, म्याडम. भाऊ येणार हाय न्यायला.”

“मग चांगलंच आहे की. पहिला आखाड आहे तुझा.”

“सासूबाई म्हणल्या, जा. परत आणायचं का न्हाई ते मंग बघू.”

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नवी नवरी माहेरी जाते. महिनाभर तळणीचं खाते, मैत्रिणींत हिंडते, आणि श्रावणात सासरचं कुणीतरी तिला घ्यायला येतं. सून नको असेल तर या रिवाजाइतकी सोयीची गोष्ट नाही. भांडण नाही, बैठक नाही, वकील नाही. फक्त घ्यायला कुणी जायचं नाही. श्रावण जातो, पोळा होतो, गौरी येऊन जातात, आणि हळूहळू दोन्ही गावांना समजतं. फारकतीचं बोलणं मग नावापुरतं उरतं. ती माझ्यासमोर बसली होती, आणि तिचं सगळं पुढचं आयुष्य कुणीतरी एका बसमध्ये बसणार की नाही यावर येऊन थांबलं होतं.

ती गेल्यावर मी तिच्या तारखा बघितल्या आणि कपाळावर हात मारला. बारावा आठवडा भर आखाडात येत होता, म्हणजे संबंधाबद्दलचे प्रश्न विचारायचे तेव्हा नवरा परगावी. तिचाच असं नाही, त्या काळात भरती झालेल्या सगळ्या नव्या सुनांचा. डॉक्टरबाई, नर्स आणि मी, आम्ही तिघीही आखाडात माहेरी गेलेल्या बायका. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर, त्यात ठळक अक्षरांत महिने. तरी वेळापत्रकावर सह्या करताना एकीच्याही डोक्यात आलं नाही. पुण्याचे कागद हातात घेतले की आम्ही जणू दुसऱ्याच कुठल्या तरी देशाच्या व्हायचो. डॉक्टरबाईंनी पुण्याला फोन करून मुलाखत महिनाभर पुढे ढकलता येईल का विचारलं. नाही म्हणाले.

आता यातली गंमत सांगते. आखाडानेच त्या मुलीला बरं केलं.

तीर्थपुरीला तिच्या माहेरी धान्याची एक खोली होती. दाराला आतून कडी. आईला तिने कंबरेचा व्यायाम एवढंच सांगितलं होतं, आणि आईनेही खोदून विचारलं नाही. खोलीतली पोती भिंतीला सरकवून सतरंजी टाकायला जागा करून दिली. आमच्या पहिल्या नियमामागची खात्री, जी त्या वसाहतीतल्या घरात तिच्या अंगाला एक दिवसही मिळाली नव्हती, ती आता आपोआप मिळत होती. नवरा तिकडे, बायको इकडे, आणि सगळ्या समाजाची त्याला मान्यता. रात्री आतल्या खोलीत पाठवणारं कुणी नाही, दाराबाहेर टीव्हीचा आवाज मोठा करणारं कुणी नाही. पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा दुसऱ्या नळीवर होती.

ती फार जोराने मागे लागली होती. परीक्षेचा अभ्यास करावा तशी. मी तिला रागावले, हे घाईने होत नाही म्हणून. ती मान हलवायची आणि म्हणायची, “बराबर हाय, म्याडम. पण श्रावण येऊन राह्यलाय ना.” श्वास मात्र ती छान शिकली. पोट फुगवून, खांदे सोडून, डोळे मिटून. एकदा मला म्हणाली, की लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच आपण पूर्ण श्वास घेतोय असं वाटतंय. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि मी तिला पुढचा व्यायाम दाखवला.

आषाढ सरत आला असताना एका सोमवारी ती खोलीत आली, दार लावलं, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “म्याडम, काल शेवटची झाली. काहीच झालं न्हाई.”

“काहीच झालं नाही म्हणजे?”

“दुखलं न्हाई. बिलकुल न्हाई. मी तशीच पडून राह्यले, म्हणलं आता दुखंल, मंग दुखंल. आईनं जेवायला हाक मारली तरी दुखलं न्हाई.”

डॉक्टरबाईंनी तिच्या परवानगीने तपासलं. होळीला जिचे गुडघे सुटत नव्हते ती टेबलावर शांत पडून छतावरच्या पंख्याबद्दल बोलत होती. मला इतका आनंद झाला की मी बाहेर येऊन नर्सला उगाचच चहा आणायला पिटाळलं आणि तो आल्यावर प्यायचा विसरले.

त्याच आठवड्यात पुण्याची मुलगी आली आणि तिने बाराव्या आठवड्याचे प्रश्न विचारले. गेल्या चार आठवड्यांत संबंधाच्या वेळी वेदना किती? संबंध आला नाही. समाधान किती? संबंध आला नाही. त्या प्रश्नावलीत संबंध न आल्याला शून्य गुण होते, आणि शून्य म्हणजे आजार सर्वांत जास्त. नवरा परगावी असला की बाई अंथरुणाला खिळलेली धरायची, असा तो हिशेब. आमच्या केंद्रातली सर्वांत बरी झालेली बाई पुण्याच्या आकडेमोडीत सर्वांत आजारी निघाली. मी फोनवर तिथल्या तज्ज्ञांशी भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की ही त्या प्रश्नावलीची माहीत असलेली मर्यादा आहे, अहवालात तसं नमूद करता येईल. मर्यादा माहीत होती तर विचारलंत कशाला, असं मी म्हणाले. डॉक्टरबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

त्या मुलीला मात्र शून्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला श्रावणाची काळजी होती.

श्रावण लागला. नागपंचमी झाली. सासरहून कुणी आलं नाही. तिचा उपचार संपला होता, तरी ती सोमवारी येत राहिली. घरातून बाहेर पडायला तेवढंच कारण होतं. सुरुवातीला ती म्हणायची, कारखान्यात दुरुस्तीची कामं चाललीत, सुट्टी मिळत नसेल. नंतर म्हणेनाशी झाली. भावजय आता स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायला लागली होती. मी तिला म्हटलं, अगं, तू बरी झालीस, तसं सासरी फोन करून सांग ना. डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या. आता अडचण उरलेलीच नाही, मग लपवायचं काय?

“न्हाई सांगणार,” ती म्हणाली.

“का?”

ती सतरंजी गुंडाळायला लागली. मला तिचाही राग आला. औषध लागू पडलं आहे आणि रोगी ते कबूल करत नाही, असा हट्ट मी गुडघ्यांच्या पेशंटमध्ये कधी पाहिला नव्हता.

पोळा झाला. त्यानंतरच्या सोमवारी ती आत माझ्या खोलीत होती, आणि बाहेरच्या बाकावर तो येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. नर्सने आत येऊन कानात सांगितलं. मी बाहेर गेले. पाटी ओलांडून आत आलेला तो पहिलाच पुरुष, आणि तो बाकाच्या अगदी कडेला बसला होता.

“म्याडम, ती बरी झाली का?” त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही. तिलाच विचारा.”

“तिला कसं इचारू?”

“तोंडाने,” मी म्हणाले. इतके दिवस साठलेलं होतं, ते गेलं तोंडातून.

ती माझ्या मागे दारात येऊन उभी राहिली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली. मी आत जायला हवं होतं. गेले नाही.

“घ्यायला आलो,” तो म्हणाला.

“आईंनी पाठवलं?”

“न्हाई.”

 दाराची चौकट तिने एका हाताने धरली होती. मग सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, “मी बरी न्हाई झाले, म्हणलं तर?”

 खरं काय ते मला माहीत होतं, डॉक्टरबाईंना माहीत होतं, पुण्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण तो शब्द माझा नव्हता. 

त्याने हेल्मेट मांडीवरून उचलून बाकावर ठेवलं. “मी तेच धरून आलो,” तो म्हणाला. “आई म्हणली, तिचं काही जमायचं न्हाई, जाऊ नको. मी म्हणलं, न्हाई जमलं तर न्हाई जमलं. तू रडायचीस म्हणून तर मी भिताडाकडं तोंड करून झोपायचो. तुला भेव वाटू न्हाई म्हणून.” मग उभा राहिला आणि एकदम व्यवहारावर आला. “आधी तीर्थपुरीला जाऊ. तुझे कपडे घेऊ, तुझ्या आईला सांगून निघू. अंधार पडायच्या आत पोचलं पाह्यजे.”

तो गाडी वळवायला बाहेर गेला. माझं त्याच्याबद्दलचं मत मोडून पडलं होतं आणि मला त्याचा आनंदही होत होता, ओशाळल्यासारखंही होत होतं. मी तिच्याकडे वळले. तिने पिशवी खांद्याला लावली, पदर खोचला. डोळे भरलेले होते, पण चेहरा इतका मोकळा मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता, शेवटच्या नळीच्या दिवशीसुद्धा नाही.

“आता तरी सांग त्याला,” मी म्हणाले.

“सांगंन. आज न्हाई.” तिने बाहेर बघितलं. तो रुमालाने मागची सीट पुसत होता. “बरी झाले म्हणून न्यायला कुणी बी आलं असतं, म्याडम. मी दुखरीच हाय असं समजून आलेत ते. थोडे दिवस मला तशीच नांदू द्या.”